बारा मेढींचा गोठा

‘गोठा’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठ’ ह्या शब्दापासून आला, हे आम्ही अडतीस वर्षे मुलांस सांगत होतो. परंतु गोठा कशापासून होतो, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले असते, तर वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत आम्हांस त्याचे उत्तर देता आले नसते. ‘गोष्ट’ हा शब्दही त्याच कुळातला असल्यामुळे आमच्या गोठ्याची गोष्ट सांगावयास व्युत्पत्तीची तरी आडकाठी नाही.

आमचे घर दापोली तालुक्यात, केळशी आणि आंजर्ले ह्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. आम्ही दोघे बंधू एकत्र राहतो. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत लागलो आणि २०१६ साली निवृत्त झालो. संस्कृत मात्र शाळेतले नव्हे. ते तीर्थरूपांनी पहाटे दिव्यापाशी बसवून पाठ करून घेतलेले, आणि तेच आम्ही पुढे संध्याकाळी पडवीत चार मुलांस शिकवीत असू. धाकटे बंधू आमच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांस पाठांतराचा कंटाळा. ते वडिलांच्या मागोमाग शेतावर जात. अशा रीतीने एक बंधू सांगणारा व दुसरा करणारा, अशी वाटणी घरात न बोलता होऊन गेली. आणि सांगणाऱ्यास करणाऱ्यापेक्षा अधिक कळते, ही समजूतही तितकीच न बोलता रूढ झाली. ती समजूत आमचीच अधिक होती, हे येथेच कबूल केलेले बरे.

आमच्या जन्माच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, तीर्थरूपांनी घरामागे मेढी पुरून गोठा बांधला होता. शहरातील वाचकांसाठी सांगावयास हवे की, मेढ म्हणजे वरच्या टोकास बेचके असलेला लाकडी खांब. ह्या बांधणीत पाया नाही, चौथरा नाही. जमिनीत खड्डा खणावयाचा, त्यात मेढ उभी करावयाची, भोवती माती ठोकावयाची, बेचक्यात आडवे लाकूड बसवावयाचे आणि त्यावर वासे चढवावयाचे. भिंत असलीच तर ती आडोशापुरती. छपराचा भार तिच्यावर नसतो. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातील शालासूक्तात आढ्याला ‘खांबावर नीट चढून बैस’ अशा अर्थाची विनवणी आहे, ती ह्याच बांधणीची. अमेरिकेतील शेतकरीही १९३० नंतरच्या दशकात क्रिओसोट मुरविलेले खांब जमिनीत पुरून अशीच कोठारे उभारू लागले व तेथे त्यांस ‘पोल बार्न’ म्हणतात, असे तिकडे असलेला आमचा पुतण्या सांगतो. मंदीच्या दिवसांत खर्च वाचविण्यासाठी तिकडे ती फार उपयोगी पडली म्हणे. कोकणात मंदी बारमाहीच असल्यामुळे आमच्याकडे ही युक्ती केव्हापासून आहे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

१९९६ साली आम्ही तो गोठा पाडला. आम्ही म्हणजे सर्वांनी नव्हे, एकट्या आम्हीच. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली होती, शेजारच्या दोन घरी विटांचे खांब व वर पत्रे असे गोठे झाले होते, आणि मास्तरांच्या घरी अद्याप कौलारू झोपडे, हे आम्हांस खटके. बंधूंनी एकदाच हरकत घेतली. ते म्हणाले, “दादा, विटेचा खांब जमिनीवर उभा असतो, मेढ जमिनीत उभी असते.” ह्यावर आम्ही त्यांस चिऱ्यांचा पाया, सिमेंटचे प्रमाण आणि युगधर्म ह्या तीन विषयांवर एक व्याख्यान दिले. ते गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे संमती, असा सोयीचा अर्थ आम्ही काढला.

जुन्या मेढी उपटल्या तेव्हा एक नवल दिसले होते, त्याकडे त्या दिवशी आम्ही नीट पाहिले नाही. खैराच्या ज्या मेढी होत्या, त्या हातभर खाली जमिनीत अगदी घट्ट, ठोकल्या तर टणत्कार देणाऱ्या होत्या. वरचा भागही धड होता. कुजल्या होत्या त्या फक्त जमिनीच्या सपाटीशी, चार बोटे वर व चार बोटे खाली. तेथे त्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा ही दोन्ही लागतात. खोल जमिनीत ओल असते पण हवा तोकडी. वर हवा असते पण ओल टिकत नाही. दोन्ही एकत्र सापडतात ती नेमकी जमिनीच्या तोंडाशी. बंधूंनी त्यांतल्या दोन उंच मेढी काही न बोलता विहिरीमागच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या.

पत्र्याचा गोठा चोवीस वर्षे उभा राहिला. उन्हाळ्यात आत गुरे धापा टाकीत, पावसाळ्यात आवाजाने बुजत. पण उभा राहिला, हेच आमचे उत्तर असे.

३ जून २०२० रोजी, वटपौर्णिमेस दोन दिवस असता, निसर्ग चक्रीवादळ आले. ते आमच्या उत्तरेस, श्रीवर्धन–दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, आणि दापोलीच्या ह्या पट्ट्याची दैना झाली. त्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्ही फक्त गोठ्याचे सांगतो. वाऱ्याने दिशा पालटून समुद्राकडून मारा सुरू केला, तेव्हा पहिला पत्रा गेला. पत्रा एका कडेने सुटला की तो छप्पर राहत नाही, शीड होतो. आणि शिडाने गलबत ओढावे तसा तो आपल्याबरोबर कैच्या व खांब ओढतो. विटेच्या खांबास वरून कितीही भार द्या, तो सोशील. त्यास आडवे ओढा किंवा वर उपटा, त्याच्यापाशी उत्तर नसते. गुरे आत बांधलेली होती. बंधू कोयती घेऊन दावी कापावयास धावले. दोन गाई सुटल्या. कालवडीचे दावे कापीत असता नैर्ऋत्य कोपऱ्याचा खांब आला. कालवड जागीच गेली. बंधूंचा उजवा खांदा व गळपट्टीचे हाड मोडले.

रस्त्यावर पावलोपावली झाडे आडवी झालेली. ज्या दवाखान्यात एरवी दीड तासात पोहोचतो, तेथे त्यांस नेण्यास दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. हाड जुळले, खांदा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आजही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. घरात ह्याबद्दल आम्हांस कोणी एक शब्दही बोलले नाही. आई नाही, भावजय नाही, बंधू तर नाहीतच. वाचकहो, कोणी बोलले असते तर बरे झाले असते, असे त्या पावसाळ्यात आम्हांस अनेकदा वाटले.

गाई चार महिने घराच्या पडवीत होत्या. पुण्याहून आमच्या चिरंजीवांनी कळविले की, लोखंडी नळ्यांचा तयार सांगाडा मिळतो, दोन दिवसांत उभा राहतो, पैसे मी पाठवितो. दुसरी सूचना गाई विकण्याची होती. तिच्यावर भावजयीने इतकेच विचारले की, विकत घेणारा त्यांना कोठे ठेवणार आहे. गाई कोकण कपिला जातीच्या, लहान चणीच्या, दूध बेताचे. त्यांस गिऱ्हाईक कोण मिळणार, हे सर्वांस ठाऊक होते. सांगाड्याच्या सूचनेवर सर्वांनी आमच्याकडे पाहिले, कारण १९९६ सालापासून गोठा हा आमचा विषय. आम्ही म्हणालो, की बंधू सांगतील तसा बांधावयाचा. बंधू म्हणाले, “खारे वारे नळ्या खातात. मेढींचा बांधू. पण माझा हात चालायचा नाही. पहार तुम्हांला धरावी लागेल.”

लाकडाची सोय वादळानेच केलेली होती. आमच्या राईतील दोन ऐन, तीन किंजळ व एक फणस उन्मळून पडले होते. ऐन, किंजळ, खैर ही झाडे आपल्या रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत, तसा १९६४ चा अधिनियम आहे; येथे पंचनामा होऊन गेलेला असल्यामुळे तो प्रश्न सुटला. जुने लोक म्हणतात, लाकूड हिवाळ्यात, कृष्णपक्षात तोडावे, म्हणजे त्यास भुंगा लागत नाही. निसर्ग वादळ ज्येष्ठाच्या शुक्लपक्षात आले. पंचांग पाहून आले नव्हते. पक्षाचे आम्हांस ठाऊक नाही. परंतु पावसाळ्यात पडलेले रसरशीत लाकूड किड्यास आवडते, हे खरे. म्हणून बंधूंनी सर्व ओंडक्यांची साल आधी सोलविली व ते जमिनीला न टेकवता, दगडांवर आडवे रचून, माडाच्या झापांखाली जानेवारीपर्यंत ठेवले. बाहेरचे पांढरे लाकूड वाळवीचे खाद्य, आतले तांबूस लाकूड खरे. संस्कृतात त्यालाच ‘सार’ म्हणतात. जाड ओंडक्यांचे पांढरे लाकूड जमिनीत जावयाच्या भागापुरते वाकसाने तासून काढले. हे काम गावातील एका वृद्ध सुताराने केले. बाकीची मजुरी आमची.

आता एका गोष्टीत आमची विद्या उपयोगी पडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात घरासाठी जमिनीची परीक्षा सांगितली आहे. गुडघाभर खड्डा खणावा आणि काढलेली माती त्यातच परत भरावी. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर ती सोडावी. घट्ट जमीन खणली म्हणजे फुगते, म्हणून उरते. आधीच पोकळ असलेली जमीन भरताना बसते, म्हणून कमी पडते. इतका त्यातला कार्यकारणभाव आहे. आम्ही ही परीक्षा जुन्या गोठ्याच्या जागी केली. माती चार बोटे कमी पडली. बंधू पाहत होते. ते म्हणाले, “येथे पूर्वी शेणकी होती. १९९६ साली भर घालून तुम्ही गोठा पुढे आणलात.” मग दहा हात पूर्वेस, तीर्थरूपांचा गोठा होता त्याच जागी, मुरमात परीक्षा केली, माती टोपलीभर उरली. बंधूंनी सूत्राचे नाव विचारून घेतले. आयुष्यात प्रथमच त्यांनी आम्हांस संस्कृतातले काही विचारले.

गोठा सोळा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब, म्हणजे आठ-आठ फुटांचे तीन खण. मेढींच्या तीन रांगा, प्रत्येकीत चार, एकूण बारा. कडेच्या दोन रांगा जमिनीवर सात फूट, मधली आढ्याची रांग बारा फूट. काटकोन साधण्यासाठी शुल्बसूत्रातील तीन-चार-पाचची दोरी आम्ही चौपट करून घेतली: रुंदीवर सोळा, लांबीवर बारा, तिरपी वीस. चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजले, ते अठ्ठावीस फूट दहा इंच भरावयास हवेत. एक भरला, दुसरा चार इंचांनी अधिक निघाला. दोरी काथ्याची होती व सकाळच्या दहिवराने भिजली होती. सुतारकाका आपली फूटपट्टी पुसत हसले. दुपारी पोलादी टेप आणून पुन्हा केले.

खड्ड्यांचा हिशेब असा. कडेच्या मेढी तीन फूट जमिनीत, आढ्याच्या चार फूट. म्हणजे कडेचे लाकूड दहा फुटांचे, मधले सोळांचे. इतके खोल कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. उभ्या मेढीस वाऱ्याने ढकलले, तर जमिनीच्या तोंडाशी ती वाऱ्याच्या दिशेने मातीवर रेलते. पण तळाशी तिचे टोक उलट्या दिशेने मातीवर रेलते. जमीन तिला जणू दोन हातांनी, एक वर व एक खाली, असे धरते. खड्डा उथळ असला की हे दोन हात एकमेकांजवळ येतात आणि पकड जाते. विटेच्या खांबास असा धरणारा कोणी नव्हता.

तीर्थरूपांच्या दोन खैराच्या मेढी बंधूंनी माळ्यावरून काढविल्या. कुजलेला भाग कापल्यावर आढ्याच्या उंच मेढींच्या कडेच्या मेढी झाल्या. त्यांची जागा पश्चिमेस, समुद्राकडच्या दोन कोपऱ्यांत ठरली.

जमिनीत जावयाचा भाग, आणि मुख्यतः सपाटीवरचा हातभर, सर्व बाजूंनी विस्तवावर काळा होईपर्यंत शेकला व वर गरम डांबराचे दोन हात दिले. चिरंजीव दूरध्वनीवरून म्हणाले, खड्ड्यात काँक्रीट ओता. त्यावर बंधूंनी सांगितले की, लाकूड वाळून आकसते, सिमेंट आकसत नाही. मध्ये बोटभर फट पडते आणि त्या पेल्यात मेढ चार महिने उभी राहते. त्यांनी तळाशी दगडगोट्यांचा थर घालविला, पाणी खाली जावे म्हणून, आणि वर मुरूमच भरावयास सांगितला.

बासष्ट वर्षांच्या मास्तरांनी पहिला खड्डा दोन दिवसांत खणला. तळहाताचे वर्णन करीत नाही. बंधू काठावर डावा हात कमरेवर ठेवून उभे. आम्ही शाळेत मुलांजवळ असेच उभे राहत असू. “पहार उभी मारा, दादा. तिरपी मारलीत तर खड्डा परडीसारखा होतो, वर रुंद नि खाली निमुळता. मग वरचा हात सैल पडतो.” चौथ्या खड्ड्यापासून आम्हांस जमू लागले.

पहिली मेढ खड्ड्यात उतरविली, ओळंबा धरून सरळ केली, वीतभर मुरूम लोटला, आणि आम्ही धुमस उचलणार तोच बंधू म्हणाले, “आधी हलवा.”

आम्हांस वाटले ऐकण्यात चूक झाली. सरळ केलेली मेढ हलवावयाची कशास?

“हलवा. चारी बाजूंना हलवा. हलविली म्हणजे माती तिच्या अंगाला बसते. मग ठोका. पुन्हा माती, पुन्हा हलवा, पुन्हा ठोका. हलायची बंद झाली की झाली.”

वाचकांपैकी ज्यांनी शास्त्राचे थोडे वाचन केले आहे, त्यांस ‘स्थूणानिखननन्याय’ ठाऊक असेल. स्थूणा म्हणजे खांब, निखनन म्हणजे पुरणे. खांब पुरताना तो जसा पुनःपुन्हा हलवून दृढ करतात, तसा सिद्धान्त शंका घेऊन, आक्षेप उभे करून, पुनःपुन्हा हलवून दृढ करावयाचा, असा त्याचा अर्थ. ब्रह्मसूत्रावरील शांकरभाष्यात तो येतो. पडवीतल्या मुलांस आम्ही तो किती वेळा समजावून दिला असेल, ह्याची गणती नाही. ‘हलवून’ हा शब्दही प्रत्येक वेळी उच्चारला असेल. परंतु तो शब्द खरोखरीच्या खांबास लागू आहे, हे त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. आम्ही धुमस हातात घेऊन तसेच उभे राहिलो. चोवीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या गोठ्याविरुद्ध घेतलेली ती एक हरकत आम्हांस आठवली. तिला आम्ही त्या वेळी विरोध म्हटले होते.

त्या सायंकाळी चौथी मेढ ठोकीत असता, धुमसाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, आम्ही बंधूंस म्हणालो की, पत्र्याचा हट्ट आमचा होता, आणि तुझ्या खांद्याचे पाप आमच्याकडे आहे. हे वाक्य आठ महिने मनात जुळविलेले होते, तरी उच्चारताना मोडकेच आले.

बंधू काही वेळ खड्ड्यात पाहत होते. मग म्हणाले, “माती फार भरलीत. एका वेळी वीतभरच. जास्त भरली की वरची ठोकली जाते नि खालची तशीच राहते.”

आम्ही अर्धी माती हातांनी बाहेर काढली. त्यांनी डाव्या हाताने मेढ धरली, आम्ही उजव्या बाजूने धरली, आणि दोघांनी हलविली.

अकरा मेढी अशा पुरल्या. बारावी, ईशान्येकडची, आम्ही एकट्यांनी पुरली. त्या दिवशी बंधूंस खांदा दाखवावयास जावयाचे होते, आणि परतल्यावर त्यांस थक्क करावे अशी बालबुद्धी आम्हांस झाली. त्यांनी आल्यावर ओळंबा लावून पाहिला, सरळ होती, ‘छान’ म्हणाले.

पुढचे काम भराभर झाले. शिमग्याच्या आत आढे चढले. त्यास गावचे सहाजण लागले. आई पडवीतून पाहत होती. आढे बेचक्यात बसले तेव्हा तिने गूळखोबरे वाटले. वासे व कडेच्या तुळया ह्यांस बंधूंनी नुसत्या खिळ्यांवर सोडले नाही. प्रत्येक वासा जस्ती तारेने तुळईस आणि तुळई मेढीस बांधविली. छप्पर खाली पडू नये म्हणून सर्वच जण जपतात. ते वर उडू नये म्हणून जपणे किनाऱ्यावरच्या माणसास शिकावे लागते. कौले मंगळुरी, बरीचशी पाडलेल्या जुन्या माजघराची. साधारण नऊशे लागली. त्यांचा भार दोन टनांवर जातो, आणि वाऱ्यात हाच भार कामास येतो. कौलांच्या खालच्या दोन ओळी व पाखांच्या कडा तारेने बांधल्या. भिंती तीन फूट जांभ्या चिऱ्याच्या, वर कारवीचे कुड. वारा आला तर कुड जाईल, छप्पर राहील. प्रत्येक मेढीच्या पायथ्याशी मुरमाचा उतार केला, पाणी लांब जावे म्हणून. गव्हाण फणसाच्या फळ्यांची.

१४ मे २०२१, अक्षय्यतृतीया. गाई नव्या गोठ्यात नेल्या. थोरली कपिला दाराशी अडली, आत तोंड घालून डांबराचा वास घेतला, आणि मग गेली.

दुसऱ्याच दिवशी रेडिओवर तौक्ते वादळाची बातमी होती.

ते १६ तारखेस, रविवारी, कोकणच्या समोरून समुद्रातूनच उत्तरेकडे सरकले. किनाऱ्यावर चढले नाही, तरी त्या रात्रीचा वारा मागच्या वर्षीची आठवण देण्यास पुरेसा होता. वीज गेली. घरातल्या बायकांनी गाई पडवीत आणा म्हटले. आम्ही बंधूंकडे पाहिले. ते म्हणाले, “दावी सोडून ठेवू. दार उघडे ठेवू. आतच राहू देत.” ह्यापुढे रात्रभर आम्ही दोघे माजघराच्या खिडकीशी विजेरी घेऊन बसलो. आईने दोनदा विचारले, आम्ही दोनदा ‘उभा आहे’ म्हणालो. मध्यरात्रीनंतर कौले निखळल्याचा आवाज झाला. बंधू उठले. आम्ही त्यांचा डावा हात धरला व त्यांस जाऊ दिले नाही. ते बसले. दोघेही काही बोललो नाही.

उजाडल्यावर गोठ्यापाशी गेलो. पश्चिमेच्या पाखेची तीसेक कौले खाली पडून फुटली होती, एक कुड आंब्याखाली जाऊन पडला होता, गव्हाणीत पाणी होते. गाई कोरड्या बाजूस रवंथ करीत होत्या. तीर्थरूपांच्या दोन्ही मेढी ओल्याचिंब, काळ्या, होत्या तशाच होत्या.

बंधू एकेका मेढीपाशी जाऊन डाव्या हाताने ती ढकलून पाहू लागले. पहिली, दुसरी, तिसरी, मधली रांग, मग पूर्वेची. अकरा मेढी हलल्या नाहीत. ईशान्येकडच्या मेढीशी ते थांबले. पुन्हा ढकलली. मेढीच्या अंगाशी केसाएवढी भेग उघडली आणि मिटली. त्यांनी आमच्याकडे पाहिले. आणि त्या वादळानंतर, म्हणजे जवळजवळ वर्षाने, आम्ही त्यांस मोठ्याने हसताना ऐकले.

“हलविली नव्हतीत ना?”

आम्ही खरे ते सांगितले. ओळंब्यात आलेली मेढ हलवावयाचा धीर झाला नव्हता.

“पहार आणा, दादा,” ते म्हणाले. “आणि धुमस. दूध काढायला अजून अर्धा तास आहे.”